वरच्या मजल्यावरचे संशोधक

‘मेथीने साखर उतरते’ असं वर्तमानपत्रात वाचून मी मधुमेहाच्या गोळ्याच बंद केल्या आणि चक्कर येऊन जिन्यात बसले. तेव्हा साठीचीच होते, अक्कल यायची होती. संशोधन निघालं आमच्याच वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांचं. ते हबकले, "अहो, ते उंदरांवर होतं!"

हा माणूस ठाम बोलतच नाही. चहा गोड झालाय का विचारलं, तरी "तूर्त तसं वाटतंय." उद्या नवे निष्कर्ष महापालिकेच्या अधिकाऱ्यांना सांगायचेत, म्हणून सकाळपासून मला समोर बसवून भाषण ऐकवतायत. दर वाक्याला थांबून, "काय समजलात?"

मी वैतागले. "मलाच का छळता हो?"

"आजी, तुम्ही जे चुकीचं समजाल, तेच उद्या सगळं पुणं समजणार आहे."