टिकलेलं लोणचं

खिडकीत कैरीच्या लोणच्याची काचेची बरणी उभी आहे. वर बोटभर तेल आलंय, बुरशीचा ठिपकासुद्धा नाही. महिना झाला तरी मी दिवसातून दोनदा तिच्याकडे उगाचच बघून येते. हे लोणचं मी घातलंय.

लहानपणी मी कालवलेल्या एका बरणीला बुरशी आली आणि काकू म्हणाली, "हिच्या हाताला लोणचं टिकत नाही." झालं! तेव्हापासून घरात कैऱ्या आल्या की मला लसूण सोलायला लांब बसवायचे. पुढे सासरी तर कुणी काही विचारायच्या आत मीच हे सांगून टाकलं. दुसऱ्यानं मारलेला शिक्का पुसट झाला, तर आपणच तो पुन्हा गिरवतो की काय, कोण जाणे.

यंदा शेजारच्या सुमनवहिनींचा हात मुरगळला. कैऱ्या चिरून पडलेल्या, म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी माझं नेहमीचं पालुपद लावलं. त्या म्हणाल्या, "अहो, तेव्हा बरणी ओली असेल. कालवा आता!"

बरणी ओली असेल! इतकी वर्षं हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मला आधी हसू आलं, मग फार हलकं वाटलं. मी लोणचं कालवलं आणि त्यातलीच ही एक बरणी त्यांनी मला दिली.

आत्ता झाकण काढलं, तेव्हा सरळ हात घालून फोड उचलावीशी वाटली. पण हात नुकताच धुतलेला होता. मी चमचा घेतला. ओल्या हातानं लोणचं नासतं. मग तो हात कुणाचा का असेना.