दुपारच्या गोळीचा रकाना

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी तर तिच्या शेवटच्या दुखण्यातही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तुम्हीही म्हणाला असता, की मॅडमच्या हातून असं काही व्हायचं नाही. सगळे तेच म्हणत आले, आणि मी ते ऐकून घेत आले.

वडीगोद्रीच्या अलीकडे एका छोट्या शाळेत मी शिकवते. अंबडहून रोजचं अप-डाउन. माझं अक्षर देखणं आहे आणि रजिस्टरं त्याहून देखणी. बैठकीला इतर शाळांना दाखवायला मुख्याध्यापक माझी रजिस्टरं घेऊन जायचे. मला त्याचा तोरा होता — का नाकारू? पण ती एवढी टापटीप कशी राहायची, ते कुणी विचारलं नाही. सोमवारी सकाळी बसले की मी अख्ख्या आठवड्याचे रकाने भरून मोकळी व्हायचे. खिचडीची चव घेतली, खूण. मुलांनी हात धुतले, खूण. थेट शनिवारपर्यंत. साहेब कधी येऊन टपकतील याचा नेम नसतो, म्हणून थोडंफार असं सगळेच करतात. मात्र सगळ्यांच्या कपाटात संघमित्राच्या गोळ्या नव्हत्या.

संघमित्रा तिसरीत होती. काटकुळी, बोलकी, पाढे म्हणायला उभी राहिली की श्वास घ्यायलाही थांबायची नाही. तिला फिट यायच्या. वडील शहागडला पंक्चरच्या दुकानात, आई सुमनबाई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. तीच एक दिवस औषधाचं पाकीट घेऊन आली. म्हणाली, "सकाळची आन् रातची मी देते मॅडम. दुपारची तेवढी तुमच्या हाती. चुकली तर पोरगी पडती, डॉक्टरनं बजावून सांगितलंय."

मी पाकीट कपाटात ठेवलं. रजिस्टरमध्ये नवा रकाना आखला — दुपारची गोळी. लाल पट्टी मारून. आणि सोमवारी तोही शनिवारपर्यंत भरायला लागले. गोळी देत नव्हते असं नाही. रोज देत होते. खिचडी झाली की संघमित्रा स्वतःच दारात येऊन उभी राहायची, माझ्याकडे बघत. तिचं ते उभं राहणं हीच माझी आठवण होती.

मग ती ऑनलाइन माहितीची गडबड आली. प्रत्येक मुलाचं सगळं काही मोबाईलवर भरायचं, रेंज नाही, मुदत संपत आलेली. सोमवारी दुपारी ती दारात आली आणि मी तिच्या अंगावर ओरडले. सारखी सारखी येऊन उभी राहू नकोस, मी बोलावीन तेव्हा ये. ती गेली. गुणी पोर — पुन्हा आली नाही. मी बोलावलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. रजिस्टर उघडलं असतं तरी काय दिसलं असतं? खूण होतीच.

बुधवारी खिचडीनंतर नळापाशी ती पडली. ओट्याच्या कडेवर तोंड आपटलं, पुढचा दात तुटला, हनुवटी फाटली. कुणी चप्पल हुंगवायला धावलं, कुणी तिच्या दातांत चमचा घालायला. मी सगळ्यांना बाजूला केलं. तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी दिली, घड्याळ बघत बसले, जसं प्रशिक्षणात सांगितलं होतं तसं. झटके थांबले. सगळे मला शाबासकी देत होते. मुख्याध्यापक गाडी बघायला रस्त्यावर गेले आणि मी — मी ऑफिसात गेले. कपाट उघडलं. पाकिटात तीन गोळ्या जास्त होत्या. तीन गोळ्या काढून मी पर्समध्ये टाकल्या. पोरगी बाहेर ओढणीवर पडलेली, आणि मला पडली होती रजिस्टरची. तिला जालन्याच्या दवाखान्यात न्यायला मीही गेले; तिथून परत येताना अंबडच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून मी त्या फेकून दिल्या.

जालन्याच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळी चुकली होती का? मी काही बोलायच्या आतच सुमनबाई म्हणाली, "न्हाई साहेब. घरची मी दिली, शाळेतली मॅडमनं. मॅडमच्या हातून बिलकुल चुकायचं न्हाई."

मी खोटं बोलले नाही, असं मी कैक वर्षं स्वतःला सांगत होते. तोंडातून शब्द काढला नाही ना? पण पिशवीतून रजिस्टर काढून डॉक्टरांपुढे ठेवलं, ते काय होतं? डॉक्टरांनी लाल रकान्यावरून बोट फिरवलं. मग एवढ्या गोळ्यांनी भागत नाही, म्हणाले, आणि डोस वाढवला. जवळजवळ दुप्पट. ज्या पोरीला फक्त तिच्या वाटची गोळी मिळायला हवी होती, तिला माझ्या नीटनेटकेपणापायी दुप्पट औषध सुरू झालं.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. आठवड्याने बोलता आलं असतं. महिन्याने. संघमित्रा वर्गात पेंगायला लागली. सातचा पाढा निम्म्यावर सोडून माझ्याकडे बघत राहायची, पुढचं मीच सांगेन म्हणून. पोरं तिला झोपाळू म्हणू लागली. आता मी तिची दुपारची गोळी एकदाही चुकवत नव्हते — वाढलेली गोळी, अगदी वेळेवर. आणि वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकात, सुंदर अक्षरात, मी लिहिलं: अभ्यासात लक्ष देत नाही. हे मी लिहिलं. का, ते माहीत असताना लिहिलं.

त्याला आठ वर्षं झाली. मागच्या महिन्यात सुमनबाई शाळेत आली होती. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायला उतारा हवा होता. मीच काढून दिला. संघमित्राचं विचारलं. आठवीत शाळा सुटली म्हणाली, डोक्यात काही शिरतच नव्हतं. आता आईबरोबर कापूस वेचायला जाते. गेल्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरनं कागद बघितले, एवढ्या गोळ्या कुणी दिल्या म्हणून चिडला, निम्म्यावर आणल्या. "आता बराबर हाय पोरगी. हुशार बोलती. पर शाळा गेली ती गेलीच."

उतारा घडी घालून तिने कमरेच्या पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली. म्हणाली, "तिच्या आजाराचं कुणी येवढं केलं न्हाई मॅडम. तुम्ही व्हत्या म्हणून एक दिस गोळी चुकली न्हाई तिची."

मी म्हणाले, "ते तर माझं कामच होतं."