उरलेलं दूध

तिसऱ्यांदा ते पोर दवाखान्यात आलं तेव्हा त्याच्यात रडायचीही ताकद नव्हती. टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं की असं होतं.

मी तेव्हा नंदुरबारला नर्स होते. पोर जवळच्या कोरीट गावचं. आई बाळंतपणात गेलेली. सांभाळायची ती फुई, म्हणजे बापाची बहीण. गाईचं दूध त्याला पचेना, म्हणून डॉक्टरांनी डब्यातली दूधपावडर लिहून दिली होती. बाप ती सुरतेहून आणायचा. दूध कसं करायचं ते शिकवणं माझं काम.

कातडीखाली सलाईन देता देता डॉक्टरांनी विचारलं, "बाटली उकळतात?"

"हो म्हणतात, सर."

"उरलेलं दूध टाकायला सांगितलंय ना?"

"हो, सर."

सांगितलं नव्हतं. बाटली, रबरी बोंडी, पाणी, सगळं सांगितलं होतं, एवढंच राहिलं. दूध टाका असं कुणाला सांगावं लागतं हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आमच्या घरीही दूध कधी कुणी टाकलं नव्हतं.

"मग हे लोक ऐकत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "अजून एकदा जुलाब झाले तर पोर धुळ्याला मुलांच्या आश्रमात ठेवायचं. बापाला सांगतो मी."

दारातल्या फुईनं ते ऐकलं. माझा पदर धरला. "बाई, मन्हं काय चुकनं ते सांग. पोऱ्याले नको धाडू व माय!"

मी पदर सोडवून घेतला आणि म्हटलं, "स्वच्छता ठेवा." बोलले ते एवढंच.

पोर सावरलं, घरी गेलं. मला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी छकड्यात बसून कोरीटला गेले.

घर सारवलेलं. बाटली देवाच्या तांब्यासारखी लखलखीत. फुईनं माझ्यासमोर पाणी उकळलं, निववलं, पावडर कालवली. पोरानं अर्धं प्यायलं आणि झोपलं. उरलेलं तिनं वाटीत ओतलं, ओलं फडकं घातलं आणि माठाशेजारी ठेवलं.

"हे कशाला?"

"सांजले. त्यामाच नवं कालवस."

पावडरीत जंतू नसतात असं नाही. कोरडे असतात, निजलेले. ओलावा आणि ऊब मिळाली की उठतात, वाढतात.

"फुई, दह्याला विरजण किती लावता?"

"बोटभर. जास्त लावं ते आंबट व्हस."

"मग या वाटीत काय आहे?"

तिनं वाटीकडे पाहिलं. पोराकडे पाहिलं. "अरे देवा! म्हंजे विरजण मीच लावस का पोऱ्याले?"

सांगायचं राहिलं ते माझ्याकडून, हे तिथं मला बोलायचं होतं. बोलले नाही. नुसतं सांगितलं, "पाणी चांगलं गरम घ्या. गुठळ्या झाल्या तर घोटा. निववून लगेच पाजा. उरलं ते टाकायचं."

"टाकानं? दूध?" पोर मरणाच्या दारातून आलं होतं तरी तिचा हात वाटीपाशी अडला. "पाप लागस व बाई."

खाटेवरून तिचा म्हातारा बाप, आबा, ओरडला, "टाकू नको! मन्हा चहामा टाक."

"पोऱ्यानं उष्टं पिशी का, आबा?"

"नातूनं उष्टं शे, गावनं नही."

मग तसंच ठरलं. वाटी माठाशेजारी नाही, सरळ चुलीवर. आबा दिवसभर चहा पीत राहिले. जुलाब थांबले. पोर पुरी बाटली रिकामी करू लागलं, तेव्हा आबांचीच कुरकुर: "आज मन्हा चहा कोरा का?"

महिन्याभरानं वजनाला आणलं तेव्हा डॉक्टर खूश. आश्रमाचं नाव त्यांनी काढलं नाही. फुईला म्हणाले, "पहिल्यापासून ऐकलं असतं तर?"

"बाईनी सांगेल व्हतं," फुई माझ्याकडे बघत म्हणाली. "मीच ध्यान दिधं नही."

बाहेर मी तिला गाठलं. "खोटं का बोललात?"

"मन्ही कोण नौकरी लेस?" ती हसली आणि पोराला कडेवर सरकवून गेली.

आज हे लिहिते आहे. डॉक्टर निवृत्त झाले. त्यांना मी कधीच सांगितलं नाही. नव्या नर्सना मात्र सांगते: काय करायचं ते शिकवून झालं की उरलेल्याचं काय करता ते विचारा. आणि 'टाका' म्हणायचंच असेल, तर ते कुणाच्या पोटात जाईल तेही ठरवूनच घराबाहेर पडा.