रंजिताची सावड

रंजिताने अर्थशास्त्र घेतलं ते एस.टी.मुळे. मुख्य विषय रसायनशास्त्र, महाडच्या कंपन्यांत नोकरी मिळावी म्हणून. जोडीला मायनर विषय दुसऱ्या शाखेचा घ्यायचा होता, आणि पोलादपूरच्या डोंगरावरच्या तिच्या वाडीची गाडी सुटायच्या आत संपणारा तास फक्त माझा होता. हे तिने पहिल्याच दिवशी मला तोंडावर सांगितलं. राग आला, पण पोरगी आवडली. "गाडी चुकली तरी चालेल, तास चुकता कामा नये," मी ठणकावलं. हजेरीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

जुलैत मी वर्गाला प्रकल्प दिला: गावातली बिनपैशाची देवाणघेवाण. रंजिताने सावड निवडली. आज तू माझ्या लावणीला ये, उद्या मी तुझ्या. घरी जेवताना ती आईला, सगुणाबाईला म्हणाली, "आये, बनुमावशीच्या सावडीत आपला तोटाच हाय. तू दिवसभर वाकतेस, ती दुपारीच बसते."

शेजारची म्हातारी बनुबाई नेमकी तेव्हाच ताकाचं भांडं परत द्यायला दारात आली होती. भांडं ठेवून ती तशीच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई तिच्या नाचणीच्या लावणीला गेली, तर तिने बांधावरूनच परत पाठवलं. "फुकटचे हात नको गो मला." मग एकटीच लावत बसली. उरलेली रोपं पिवळी पडायला लागली.

रंजिता माझ्याकडे येऊन रडली. "मॅडम, मी खोटं नव्हतं ओ सांगितलं." नव्हतंच. इतकी वर्षं शिकवतेय, तरी "माफी माग," एवढंच म्हटलं. तिने मागितली. बनुबाईने चहा पाजला, शेतात मात्र पाऊल टाकू दिलं नाही.

मग रंजिताच्याच लक्षात आलं. सावड कुणी देऊ करत नाही, ती मागायची असते. ती पुन्हा गेली. "मावशे, उद्या मला कॉलेजात प्रकल्प सांगायचाय. आय लावणीला जानार. शेळ्यांकडं कोन बघंल? तू येशील?"

बनुबाईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "येते. पन परवा माझ्या नाचणीत तू यायचं. मोजायला नाय, वाकायला."

रंजिताने हे सगळं वर्गासमोर सांगितलं. मला भरून आलं, म्हणून मी खिडकी लावायला उठले.

दुसऱ्या दिवशी तासाला तिचा बाक रिकामा होता. मी तिचं नाव पुकारलं आणि हजर मांडलं.