दरीकडची भिंत

डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत वर्षातले सात-आठ महिने कपडे नीट वाळत नाहीत. धुकं खिडकीतून आत येतं आणि चार-चार दिवस मुक्काम ठोकून राहतं. म्हणून तिथली घरं बाहेरून लाकडी फळ्यांनी मढवलेली असतात, वरच्या फळीची कड खालचीवर चढवून. त्या फळ्या बसवण्यात जिचा हात धरणारं कोणी नव्हतं, तिला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. बाई तशीच होती. उंच, काटक, आणि तिरकं बोलणं तिला जमतच नसे.

काम ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली. नवऱ्याला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर घेरी यायची, म्हणून तो घर सांभाळी आणि ही हातोडा. जोडीला धाकटी जाऊ. स्वयंपाकघरात दोघींचं कधी पटलं नाही. शिडीवर मात्र एकीने हात मागे केला, की दुसरीने हवा तोच खिळा त्यात ठेवलेला असे.

पन्नाशी उलटल्यावर तिला एका निवृत्त घड्याळजींचं बोलावणं आलं. त्यांच्या घराच्या दरीकडच्या भिंतीला आतून ओल आली होती. कपाटातल्या साड्यांवर बुरशी धरली होती आणि घरातल्या काकूंचा खोकला हटत नव्हता.

"कुठल्या गाढवाने या फळ्या ठोकल्या कोण जाणे," घड्याळजी म्हणाले. घर त्यांनी नंतर विकत घेतलेलं, त्यांना काय माहीत.

धाकटीने हळूच जावेकडे पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी ती भिंत ओळंब्यानेच मढवली होती. सासऱ्यांनी एकटीवर सोपवलेलं ते पहिलं काम.

ओळंब्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिने मान वर करून छपराची कड न्याहाळली. "काका, पन्हळ फुटलीय तुमची. पाणी वरून उतरतंय. फळ्यांना काही झालेलं नाही, पैजेवर सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींनी पहार घातली. पन्हळीखालच्या पहिल्या चार फळ्या निघाल्या त्या खणखणीत. मागचं लाकूडही कोरडं. म्हणजे पाणी पन्हळीचं नव्हतं. जसजशा खाली येत गेल्या, तसतशा फळ्या काळ्या पडत गेल्या. शेवटची तर पहार लावायच्या आधीच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. मागच्या उभ्या खांबाच्या पायात तिचं बोट पेरभर आत गेलं.

आणि सगळ्यात खाली, जिथे फट असायला हवी तिथे, भेगा बुजवायचं चिकट लुकण भरलं होतं. अंगठ्याने दाबून, गुळगुळीत करून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्याच अंगठ्याने. त्या वयात तिला वाटे, फट दिसली की बुजवायची, म्हणजे पाणी शिरणार नाही. पण दरीतून आडवा मारणारा पाऊस फळ्यांच्या सांध्यांतून शिरतोच. शिरलेलं पाणी खाली उतरलं आणि बावीस वर्षं तिथेच बसलं. पुढे एका कामावर लुकण कमी पडलं, फट तशीच राहिली आणि ती भिंत छान टिकली, तेव्हापासून तिने लुकण सोडलं होतं. आधीच्या भिंतींचं काय झालं असेल, हा विचार मात्र तिच्या मनाला कधी शिवला नव्हता.

"जाऊबाई, सरळ नव्या फळ्या ठोकून मोकळ्या होऊ," धाकटी कुजबुजली. "त्यांना काय कळतंय?"

"मला कळलंय ना," ओळंबा म्हणाली आणि शिडी उतरली.

घड्याळजी अंगणात छत्री धरून उभे होते. "काका, पन्हळीचं मी चुकीचं सांगितलं. आणि काल तुम्ही ज्या गाढवाचं विचारत होतात, ते मीच."

घड्याळजींनी चष्मा काढला. मग तो पुसत म्हणाले, "चुकलं कुठे ते दाखवा."

तिने दाखवलं. त्यांनी वाकून लुकण नखाने खरवडलं, खांबाचा पाय दाबून पाहिला, दोन-तीन नेमके प्रश्न विचारले. आतून काकू म्हणाल्या, "अहो, आता दुसरं कोणी शोधत बसू नका. हिला निदान दुखणं कुठे आहे ते ठाऊक झालंय."

"लाकूड तुमचं, हात आमचे. मजुरी घेणार नाही," ओळंब्याने सांगून टाकलं.

नऊ दिवस दोघी त्या भिंतीला भिडल्या. कुजलेले पाय कापून नवे तुकडे सांधले. खांबांवर उभ्या पट्ट्या मारल्या, म्हणजे फळ्यांमागे बोटभर जागा राहून वारा फिरेल. प्रत्येक फळीची कापलेली टोकं आधी रंगात बुडवून घेतली. खालची फट उघडी ठेवली, किडा-मुंगी शिरू नये म्हणून तिला बारीक जाळी लावली. दहाव्या दिवशी दरीतून पाऊस असा आला, की समोरची झाडं दिसेनात. घड्याळजी छत्री घेऊन भिंतीच्या पायाशी उकिडवे बसले. जाळीतून पाणी थेंब थेंब बाहेर पडत होतं. "बरोबर चाललंय," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी याहून मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

पण लुकण भरलेली आणखी चार घरं होती. ओळंबा कोणी न बोलावता चारही दारांत गेली. तीन ठिकाणी लोक हसले, चहा दिला, भिंत उघडू दिली. चौथं घर मुख्याध्यापिकाबाईंचं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तेव्हा हे बरोबर होतं, आज चूक झालं. उद्या आणखी काही बरोबर ठरेल."

"ठरेल कदाचित," ओळंबा म्हणाली. "ठरलं तर परत येईन."

 बाई दारातून बाजूला झाल्या. ओळंबा गुडघ्यावर बसली आणि पटाशीने लुकण खरवडू लागली. वीतभर निघालं असेल, तोच आतून तांबूस पाण्याची धार लागली, ती तिच्या बाहीत शिरून कोपरापर्यंत गेली. धाकटीला हसू आवरेना. मुख्याध्यापिकाबाई आत जाऊन रिकामी बादली घेऊन आल्या, धारेखाली ठेवली आणि पदर खोचून म्हणाल्या, "आणखी एक पटाशी आहे का?"