मिठागरातला सातवा शब्द

पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. मांजर आडवं गेलं म्हणून उशिरा आलेल्या मुलाला मी त्या मांजराची शास्त्रीय माहिती लिहून आणायला लावायचे. त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरात कधी आपण लिहू असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर इथले अनुभव मी वाचते ते चुका काढायला. पण मार्चपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये... तुम्हीच बघा काय ते.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. माझा नवरा सुधीर कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत ड्राफ्ट्समन होता. शांत, नीटनेटका माणूस. पान-तंबाखूसुद्धा नाही. वेड एकच — बुडालेलं बेट. त्याचं म्हणणं असं, की हजारो वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात एक मोठं बेट होतं. तिथे फार पुढारलेली माणसं राहायची. समुद्र चढला, बेट गेलं, आणि वाचलेले लोक होड्यांतून आपल्या खाडीत शिरले. मीठ पिकवायला इथल्यांना त्यांनीच शिकवलं. पुरावा काय, तर यूट्यूबचे व्हिडिओ, त्याने स्वतः काढलेले नकाशे आणि त्याच्यासारख्याच रिकामटेकड्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

आणि बाळारामदादा. हे कोलशेत गावातले जुने आगरी गृहस्थ, आता ऐंशीच्या पुढचे. घरच्या मिठागरांवर टॉवर उभे राहिले, मुलांनी बंगला बांधला, पण दादांनी खाडीच्या कडेला मिठाचा एक वाफा हट्टाने ठेवलाय. मीठ धरायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. दोघांनी शेजारी उभं राहायचं, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचा आणि मोजत पावलं टाकायची. हे मोजणं एक-दोन-तीन असं नाही. होरे, सेंबा, टुकी, वाय, मेसर, आंद... आणि सातव्याला जोरात टाच मारायची. सातव्यालाही शब्द होता, पण दादा तो विसरले होते. त्यांचे वडील गेले तेव्हा ते लहान होते आणि नंतर गावात तो कोणालाच आठवला नाही.

सुधीरच्या मते हे शब्द त्या बेटावरचे. मी म्हणायचे, "अरे, विटीदांडूत वकट, लेंड, मूंड म्हणतो ते तेलुगूतलं मोजणं. तसलंच काहीतरी असेल हे." तो म्हणायचा, "सगळ्या भाषा तपासल्या गं. कुठेच बसत नाही. सातवा मिळाला असता ना..." त्या सातव्यासाठी त्याने पंधरा वर्षं घालवली. रविवारी सकाळी डबा घेऊन निघायचा. उरणपासून डहाणूपर्यंतची मिठागरं फिरला. म्हातारी माणसं गाठायची, सहा शब्द म्हणायचे आणि पुढचा येतो का विचारायचं. कुणालाच येत नव्हता.

एका दिवाळीला घरी पाहुणे होते. सुधीर कुणाला तरी बेटाचा नकाशा दाखवत होता. फराळाच्या प्लेटा देता देता मी म्हटलं, "बेट एकदाच बुडालं हो, आमचे हे रोज बुडतात." सगळे पोट धरून हसले. तोही हसला. नकाशा घडी करून आत ठेवून आला. त्यानंतर माझ्यासमोर त्याने बेटाचा विषय कधीही काढला नाही. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं खूळ गेलं. खूळ कुठलं जातंय... रविवारचं जाणं चालूच होतं. फक्त मला सांगणं बंद झालं.

गेल्या वर्षी तो गेला. हार्ट अटॅक, ऑफिसातून रिटायर होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मी नातेवाइकांना फोन केले, सोसायटीत सांगितलं. त्याच्या बेटवाल्यांपैकी मात्र एकालाही कळवलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. रागच असावा.

मार्चमध्ये त्याच्या मोबाइलवर फोन आला. मी उचलला.

"सायेब हाय का? मी बाळाराम, कोलशेतशी. ह्या साली तुरवाला आला नाय सायेब. वाफा तसाच परलाय."

मला फोनवर सांगवेना. म्हटलं, मी येते. दुसऱ्या दिवशी रिक्षा बदलत बदलत सकाळी अकराला तिथे पोचले. दादांना सगळं सांगितलं. ते खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वयनी, एकल्यानं नाय तुरवत. दोगा लागतात. पोरांना सांगतू तं हसतात. याल का तुमी?"

नाही म्हणायला तोंड नव्हतं. चपला काढल्या, साडी खोचली आणि चिखलात उतरले. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी त्यांच्या. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी मला हात लावला होता... हे लिहायला नको होतं कदाचित, पण खरं आहे.

दादा मोजू लागले. होरे, सेंबा, टुकी, वाय, मेसर, आंद — टाच. पुन्हा पहिल्यापासून. सातव्याच्या जागी फक्त टाचेचा आवाज. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मीही सोबत म्हणू लागले. आंद झालं, टाच मारली, आणि माझ्या तोंडून एक शब्द आला.

आठवला असं नाही. सुचला असंही नाही. पायरीवर पाऊल पडावं तसा तो सहज पडला, आणि माझ्याच आवाजात मी तो ऐकला.

दादांचा हात खांद्यावर घट्ट झाला. "कोनी सांगला तुमाला?"

"कोणी नाही."

"सायेबानी?"

"त्यालाच माहीत नव्हता, दादा."

ते चिखलातच खाली बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माजा बापूस असाच बोलाचा. असाच, टाच मारताना."

शेवटी मी मास्तरीण. मनात म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला हवा होता, म्हणून हाच तो असं वाटलं असेल. दादांना त्यांच्या मोठ्या बहिणीला, खडवलीच्या हिराबाईंना, फोन लावायला सांगितलं. त्यांनाही शब्द आठवत नव्हता, सुधीर त्यांच्याकडेही दोनदा जाऊन आला होता. मी सहा शब्द म्हटले आणि सातव्या जागी मनाने रचलेला एक शब्द घातला. "नाय गो." दुसरा रचलेला घातला. "नाय." मग तो घातला. पलीकडून म्हातारी ओरडलीच, "ह्योच गो बाय, ह्योच! कुठं गावला?"

आता तुम्ही म्हणाल, सुधीर झोपेत बोलला असेल आणि तुमच्या कानावर पडलं असेल. मीही तेच धरून चालले होते. घरी येऊन त्याच्या सगळ्या वह्या वाचल्या, पहिल्यांदाच. शेवटची नोंद जाण्याच्या आदल्या आठवड्यातली आहे. "सातवा अजून नाही." बस, एवढंच. मग माझ्याकडे तो आला कुठून? उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी चुका काढणार नाही.

बेटबिट काही नव्हतं असंच मला आजही वाटतं. त्याच वह्यांत एका रविवारची नोंद आहे, त्या दिवाळीनंतरची. "आज तिला चल म्हणणार होतो. धीर झाला नाही."

पंधरा वर्षं तो दारोदार ज्याच्यासाठी फिरला, ते शेवटी माझ्या तोंडून निघालं. रोज संध्याकाळी चहा ठेवते तेव्हा मी तो शब्द एकदा मोठ्याने म्हणते. त्याला ऐकू जात नाही, हे मला कळतं. तरी म्हणते.