खडूचे आकडे

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शेजाऱ्याचा सिलिंडर कधी संपला तेसुद्धा सांगतो.

माझा स्वभाव संशयी. इथे सुरतेत, पर्वत पाटियाच्या आमच्या वस्तीत दूधवाला हसून बोलला, तरी मी दूध हुंगून घेतो. म्हणूनच शेठनी मला त्यांच्या जुन्या गिरणीच्या दुरुस्तीवर बसवलं — नोंदी ठेवायच्या, फाटकातून बाहेर जाणारी पिशवीन् पिशवी तपासायची. वारसा वास्तू म्हणून गिरणी होती तशीच उभी राहिली तर शेठना करात मोठी सवलत मिळणार होती, त्याच भरवशावर त्यांनी कर्ज उचललं होतं. अट अशी, की उतरवलेली प्रत्येक सागवानी तुळई दुरुस्त होऊन तिच्याच जागी बसली पाहिजे. त्यासाठी आधी फोटो, मग तुळईवर ऑइलपेंटनं आकडा.

मी खडूनं घातले. रंग वाळेपर्यंत कोण थांबणार? पुढे वाळवीचं औषध फवारलं आणि आकडे धुऊन गेले. मी गुपचूप अंदाजानं नवे घातले.

सवलतीसाठी तपासणीला आलेल्या सरकारी बाईंनी लाकडाच्या गाठी फोटोशी ताडून पाहिल्या. जुळेनात. शेठ माझ्याकडे वळले. नोकरी जाणार — दुसरं काही सुचेना. मी म्हणालो, सुतार जुनं सागवान तुकडे करून विकतो आणि त्याजागी दुसरं लाकूड घालतो, त्याच्या पिशवीवर माझा संशय आहे.

सुतार म्हणजे भिका आप्पा. शिंदखेड्याकडचे, माझ्याच भागातले, सुरतेत नुकतेच आलेले. त्यांच्या पिशवीत चुलीपुरते छिलके असायचे. मीच रोज उपसून बघायचो ना! आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला. या एका माणसावर नव्हता — तरी बोललो.

एवढंच असतं तर? पण पुढचं जास्त वाईट आहे.

शेठनी आप्पांना बोलावलं. त्यांना गुजराती येत नव्हतं. ते मलाच म्हणाले, “भाऊ, तू ते मन्ही पिशवी रोज देखस. सांग ना शेठले.”

हा काय म्हणतो, शेठनी विचारलं. मी भरभर गुजरातीत सांगितलं — चूक झाली म्हणतो.

आप्पांना वाटलं, मी त्यांची बाजू मांडली. त्यांनी मला हात जोडले. शेठना ती माफी वाटली. त्यांनी आप्पांना कामावरून काढून तिथूनच घरी पाठवलं. निघताना आप्पा माझ्यावर रागावले नव्हते. मी माझ्यापरीनं सांगून पाहिलं, असंच ते धरून चालले होते.